तसबिरीची कांच

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं श्रोत्यांस हंसूं येईल. तसबिरीला कांच कोणती घालावी, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? चित्र घेऊन बाजारांत जावें, चौकटवाल्याच्या हवालीं करावें, आणि आठ दिवसांनीं घरीं आणून खिळ्याला टांगावें, एवढाच तो व्यवहार. परंतु श्रोतेहो, बहुतेक घरांत भिंतीवर एखादी तरी वस्तु अशी असते कीं जी पुन्हां विकत मिळत नाहीं. आजोबांचें एकुलतें एक छायाचित्र असतें. आजीच्या पैठणीचा जीर्ण पदर चौकटींत बसविलेला असतो. रविवर्म्याच्या छापखान्यांतून निघालेली लक्ष्मी किंवा सरस्वती असते. खाम नदीपलीकडील जुन्या शहरांत एखाद्या मुसलमान कुटुंबांत पणजोबांच्या हातचें सुरेख फारसी लेखन असतें. ह्या वस्तूंवर कांच आहे, म्हणून त्या सुरक्षित आहेत, अशी मालकाची समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागाविषयीं आज बोलावयाचें आहे.

कांच कशापासून राखण करते, हें आधीं पाहूं. धूळ, माशा, उदबत्तीचा धूर आणि पाहुण्यांच्या मुलांचीं बोटें ह्यांपासून ती उत्तम राखण करते, ह्यांत शंका नाहीं. आमच्या छावणींत ह्याचें मोल विशेष. हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणींसाठीं इंग्रजी अमदानींत खामच्या पश्चिमेस वसलेली ही वस्ती. उन्हाळ्यांत पारा चाळिसांच्या वर जातो, माळावरचा वारा घरांत धूळ आणून टाकतो, आणि मृग लागला कीं पुढें चार महिने भिंतींना ओल. धुळीचा बंदोबस्त कांच करते. पण चित्राचे खरे वैरी दोन: एक उजेड आणि दुसरी ओल. साधी कांच पहिल्याला फारशी अडवीत नाहीं, आणि चित्राला चिकटून बसविली तर दुसरीला साह्यच करते.

पारदर्शक आवरण चित्राला चिकटलें म्हणजे काय होतें, हें दाखविण्यास मला दूर जावें लागत नाहीं. येथून सुमारें १०० किलोमीटरांवर अजिंठ्याचीं लेणीं आहेत. तेथील भिंतींवर चौकट नाहीं आणि तसबिरीसारखी कांचही नाहीं. पण कांचेचें जें काम, म्हणजे आंतील रंग दिसूं देणें आणि बाहेरचा उपद्रव टाळणें, तें काम करण्यासाठीं माणसांनीं तेथें एक पदार्थ योजिला, त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. १८१९ सालच्या एप्रिलांत जॉन स्मिथ नांवाचा मद्रास सैन्यांतील इंग्रज अधिकारी त्या दरींत पोंचला. त्यानें दहाव्या लेण्यांतील खांबावर आपलें नांव कोरून ठेविलें. तें अजून दिसतें. तोंवर हीं चित्रें हजाराहून अधिक वर्षें, आणि त्यांतील कांहीं त्याहूनही पुष्कळ अधिक काळ, अंधारांतच होतीं. पुढें १८४४ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीनें मेजर रॉबर्ट गिल ह्यांस नकला करण्याच्या कामीं नेमिलें. त्यांनीं केलेल्या मोठमोठ्या तैलचित्र-नकला लंडनजवळ सिडनहॅम येथील स्फटिकमहालांत मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागली आणि बहुतेक सर्व जळाल्या. लोखंड आणि कांच ह्यांनीं बांधलेला तो जगप्रसिद्ध महाल. एवढी कांच भोवतीं असून चित्रें वांचलीं नाहींत! त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स ह्यांनीं १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हां नकला करविल्या. त्यांतील पुष्कळ १८८५ मध्यें लंडनांतच साऊथ केन्सिंग्टन येथील आगींत नष्ट झाल्या.

पण नकला गेल्या त्याहून मोठें नुकसान मूळ चित्रांचें झालें, आणि तें चांगल्या हेतूनें झालें. नक्कल करतांना रंग उठून दिसावे व चित्राचें रक्षण व्हावें, म्हणून एकोणिसाव्या शतकांत भिंतींवर रोगणाचे हात देण्यांत आले. पुढें १९२० च्या सुमारास निजाम सरकारनें चेक्कोनी व ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ बोलाविले. सुटत चाललेला गिलावा त्यांनीं कौशल्यानें पुन्हां बसविला, हें त्यांचें श्रेय; परंतु रंग धरून ठेवण्यास त्यांनींही लाखेचें रोगण वापरिलें. नवें रोगण कांचेसारखें स्वच्छ असतें. वर्षें लोटलीं तसें तें पिवळें पडलें, मग तपकिरी झालें. त्यावर धूळ व काजळी बसली. आणि तें आकुंचन पावून खालचे रंगाचे पापुद्रे ओढूं लागलें. तो थर उतरविण्याचें नाजूक काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांस वर्षानुवर्षें करावें लागलें आहे. रक्षणासाठीं घातलेलें आवरण रंगाला चिकटलें, म्हणून तें रंगाच्या जिवावर उठलें.

हीच गोष्ट आपल्या दिवाणखान्यांत लहान प्रमाणावर घडते. जुने चौकटवाले छायाचित्रावर कांच सरळ दाबून बसवीत, आणि पुष्कळ ठिकाणीं आजही तसेंच करितात. छायाचित्राची प्रतिमा जिलेटिनाच्या पातळ थरांत असते. जिलेटिन म्हणजे आपल्या सुताराच्या सरसाचा सख्खा भाऊ. ओल लागली कीं तो फुगतो आणि चिकट होतो. पावसाळ्यांत बाहेरच्या भिंतीवरील तसबिरीची कांच रात्रीं थंड होते, आणि आंत अडकलेली वाफ कांचेच्या आंतल्या बाजूस दंवासारखी धरते. कांच चित्रापासून दूर असेल तर तें दंव सकाळीं विरून जातें. कांच चिकटून असेल तर तें थेट जिलेटिनांत मुरतें, आणि चार-दोन पावसाळ्यांत छायाचित्र कांचेला डकतें. ओळखण्याची खूण सोपी आहे: तसबीर तिरपी धरून पाहिल्यास चिकटलेला भाग ओल्या डागासारखा काळसर व चकचकीत दिसतो. रोगणाचा हात दिलेल्या जुन्या रंगीत छापांचेंही तसेंच होतें. त्यांना तर आमच्या मे महिन्याची उष्णताही पुरते.

माझ्या माहितीच्या एका घरीं आईवडिलांच्या लग्नाची तसबीर होती. कांचेला तडा गेला, म्हणून ती दुरुस्तीस दिली. दुकानदारानें फुटकी कांच ओढून काढिली. तिच्याबरोबर दोघांचीही मुखें निघून आलीं. दुकानदाराचा हेतु वाईट नव्हता, पण हात घाईचा होता, आणि दुसरी प्रत कोठेंच नव्हती. म्हणून माझें आग्रहाचें सांगणें असें: चिकटलेलें छायाचित्र घरीं सोडवूं नये, दुकानांत सोडवूं देऊं नये, पाणी किंवा वाफ तर लावूंच नये. आधीं आहे त्या स्थितींत, कांचेसकट, त्याचें चांगलें छायाचित्र काढून ठेवावें. मग वस्तु तितकीच मोलाची असल्यास मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत कलावस्तूंच्या संरक्षणाचें केंद्र आहे, तेथें सल्ला विचारावा.

तेव्हां चौकटवाल्याच्या दुकानांत गेल्यावर पहिला प्रश्न कांच कोणती, हा नव्हे. कांच आणि चित्र ह्यांच्यामध्यें अंतर किती, हा आहे. दोन प्रकारांनीं हें अंतर साधतें. चित्राभोंवतीं जाड पुठ्ठ्याची खिडकी कापून बसवितात, तिला बाजारांत माउंट म्हणतात. ती केवळ शोभेची आहे असें लोक समजतात, पण तिचें खरें काम कांच दूर ठेवण्याचें आहे. माउंट नको असेल तर चौकटीच्या खोबणींत, कडेला न दिसेल अशी, तीन ते सहा मिलिमीटर जाडीची पट्टी घालवावी. लहान छायाचित्रास माउंटची दीड-दोन मिलिमीटर जाडी पुरते. कागद मोठा असेल तर तो दमटपणांत फुगून पुढें येतो, म्हणून अंतर वाढवावें. पैठणीच्या पदरास आणि हिमरूच्या तुकड्यास तर पट्टी हवीच, कारण जर आणि रेशीम दाबलें गेलें कीं घडीवर तुटतें. असें वस्त्र मागील कापडावर बारीक टांक्यांनीं धरावें. खळीनें किंवा डिंकानें चिकटवूं नये. पुठ्ठाही आम्लरहित मागावा. साध्या पुठ्ठ्याची आणि मागें घातलेल्या वर्तमानपत्राची तपकिरी सावली कांहीं वर्षांत चित्रावर उतरते, हें जुन्या तसबिरी उघडून पाहिलेल्यांस ठाऊक आहेच.

आतां दुसरा वैरी, उजेड. हळदीचा डाग पडलेलें वस्त्र आपल्या घरच्या बायका धुऊन उन्हांत वाळत घालतात, आणि संध्याकाळपर्यंत डाग नाहींसा होतो. हळदीचा रंग उन्हानें मोडला, एवढाच त्याचा अर्थ. रंग मोडण्याची ही क्रिया केवळ हळदीपुरती नाहीं; रंगीत छाप, जलरंग, रंगीत छायाचित्रें, नैसर्गिक रंगांत रंगविलेलें रेशीम, ह्या सर्वांवर ती कमी-अधिक वेगानें चालू असते. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्यें मुंबईस निघाला व पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील छापांपैकीं उजेडांत टांगलेली एखादी देवता पाहा: लाल व गुलाबी छटा उडून गेलेल्या असतात आणि चित्रावर निळसर प्रेतकळा आलेली असते. डागाचा रंग गेला तर आनंद. तसबिरीचा गेला तर तो कोणत्याही उपायानें परत येत नाहीं.

ह्या बाबतींत साधी कांच काय करते? सूर्यप्रकाशांत डोळ्यांस न दिसणारे नीलातीत किरण असतात. ते रंग मोडण्यांत सर्वांत जोरकस. साधी कांच त्यांतील अगदीं तीव्र भाग अडविते, पण उरलेला पुष्कळसा भाग आंत सोडते. शिवाय खोलींत येणारा उजेड खिडकीच्या कांचेंतून आधींच गाळून आलेला असतो. जें खिडकीच्या कांचेनें सोडलें, तें तसबिरीची तशीच कांचही बहुतेक सोडतेच. ह्यासाठीं नीलातीत किरण अडविणारी लेपयुक्त कांच निघाली आहे. तिच्यांतील चांगला प्रकार ह्या किरणांपैकीं शेंकडा ९९ पर्यंत अडवितो. तिची किंमत साध्या कांचेच्या कित्येक पट असते. जी वस्तु एकच आहे आणि जी भिंतीवर ठेवावयाचीच आहे, तिच्यासाठीं हा खर्च मी अवश्य करावा म्हणेन. छापील दिनदर्शिकेच्या चित्रासाठीं करणें म्हणजे उधळपट्टी.

परंतु एवढा खर्च केल्यावर माणूस निर्धास्त होतो, आणि तेथेंच फसतो. डोळ्यांस दिसणारा उजेडही रंग मोडतो, आणि तो अडविला तर चित्रच दिसणार नाहीं! त्यावर कोणत्याही कांचेंत उपाय नाहीं. थोडा हिशेब पाहा. कागद, वस्त्र व छायाचित्रें ह्यांवर संग्रहालयांत सामान्यतः ५० लक्स एवढाच उजेड ठेवतात. रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले, तर वर्षाचा हिशेब १,२०,००० लक्स-तास होतो. भर दुपारचें थेट ऊन सुमारें १,००,००० लक्सचें असतें. म्हणजे संग्रहालयांत जो उजेड चित्राला वर्षभरांत मिळतो, तेवढा उन्हाच्या कवडशांत सव्वा तासांत मिळतो. हा हिशेब ध्यानांत घेतला म्हणजे कांचेपेक्षां भिंतीची निवड का महत्त्वाची, हें वेगळें सांगावयास नको. खिडकीच्या समोरची भिंत टाळावी. खिडकी ज्या भिंतींत आहे तीच भिंत, किंवा आंतल्या माजघराची भिंत, पत्करावी. आपल्याकडे पश्चिमेचें ऊन संध्याकाळीं खोलवर आंत येतें, तें विशेष जपावें. छावणींतील जुन्या बंगल्यांचे रुंद व्हरांडे ह्या कामीं कोणत्याही महागड्या कांचेहून सरस होते. ते बंद करून त्यांच्या खोल्या झाल्या, आणि ऊन थेट दिवाणखान्यांत आलें. हल्लींच्या एल. ई. डी. दिव्यांत नीलातीत किरण जवळजवळ नसतात, ही एक चांगली गोष्ट आहे; तरी दिवा तसबिरीच्या डोक्यावर रात्रंदिवस जळत ठेवण्याचें कारण नाहीं.

आतां बाजारांतील इतर प्रकार. साधी सपाट कांच हल्लीं वितळलेल्या कथिलावर तरंगवून करितात. ही पद्धत इंग्लंडांतील पिल्किंग्टन कंपनीनें १९५९ मध्यें जाहीर केली. जुन्या कांचेंतील लाटा व बुडबुडे त्यामुळें गेले. आपल्याकडे तळेगांवचा पैसा फंडाचा कारखाना १९०८ मध्यें आणि ओगल्यांचा १९१६ मध्यें निघाला. प्रभाकर कंदिलाची कांच घरोघरीं पोंचली, पण तसबिरीची चांगली कांच म्हणजे बेल्जियमची, हें मत आमच्या वडीलमंडळींत कायम राहिलें. आपल्या जुन्या तसबिरीवर तशी लाटांची कांच शाबूत असेल तर ती केवळ जुनी म्हणून फेकूं नये. मध्यें पट्टी घालून तीच पुन्हां बसवावी. कडेनें पाहिल्यास साधी कांच हिरवट दिसते, तो लोहाचा अंश. पांढऱ्या कागदावरील नाजूक चित्रास तो खटकत असेल तर कमी लोहाची कांच मिळते. जाडी लहान तसबिरीस दोन आणि मोठीस तीन मिलिमीटर पुरे. दोन फूट बाय तीन फूट आकाराची तीन मिलिमीटर कांच चार किलोंहून थोडी अधिक भरते, हें खिळा ठोकतांना आठवावें.

चकाकी टाळण्याचे दोन प्रकार मिळतात, आणि त्यांत घोटाळा फार होतो. एका प्रकारांत कांचेचा पृष्ठभाग बारीक खरखरीत केलेला असतो. दुकानदार तिला नॉन-ग्लेअर म्हणतो. ती प्रतिबिंब मोडते खरी, पण चित्रही धुकट करते. चित्राला चिकटून असेल तरच तिच्यांतून स्वच्छ दिसतें. म्हणून ती वापरणारा चौकटवाला मधलें अंतर काढून टाकतो. स्वस्त असली तरी मी ती कोणास सुचविणार नाहीं. दुसऱ्या प्रकारांत कांच गुळगुळीतच असते, पण तिच्यावर अत्यंत पातळ लेप असतो, कॅमेऱ्याच्या भिंगावर असतो तसा. साध्या कांचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून शेंकडा आठ उजेड परततो; ह्या लेपानें तो एक टक्क्यावर किंवा त्याहूनही खालीं येतो. १९३८ मध्यें अमेरिकेंत कॅथरिन ब्लॉजेट ह्या विदुषीनें ४४ रेणू-थर एकावर एक देऊन जवळजवळ अदृश्य दिसणारी कांच करून दाखविली, तेव्हां लोकांस तो जादूचा खेळ वाटला. ही कांच सुंदर आहे आणि महाग आहे. परंतु चकाकी कमी करणारी प्रत्येक कांच नीलातीत किरण अडवितेच असें नाहीं. दोन्ही गुण वेगवेगळे विचारावे.

टफन्ड कांच दारांना ठीक. ती तयार झाल्यावर हिरकणीनें कापतां येत नाहीं, आणि तसबिरीस तिच्या बळाचा उपयोगही नाहीं. दोन पत्र्यांमध्यें चिवट पडदा घालून केलेली लॅमिनेटेड कांच मात्र गुणी आहे: फुटली तरी तुकडे पडत नाहींत, आणि तो पडदा नीलातीत किरण बहुतेक सर्व अडवितो. अडचण एवढीच कीं स्थानिक दुकानांत ती बहुधा सहा मिलिमीटरांच्या वर मिळते, आणि त्या जाडीचें वजन घरगुती चौकटीस पेलत नाहीं.

ॲक्रिलिक म्हणजे कांच नव्हे, पण दुकानांत ती कांच म्हणूनच दाखवितात. वजनानें कांचेच्या निम्म्याहून कमी, फुटण्याचें भय थोडें. मुलांच्या खोलींत, पलंगाच्या डोक्यावर किंवा फार मोठ्या चित्रास ती योग्य. तिच्यावर ओरखडे लवकर उठतात. आणखी एक दोष कमी लोकांस ठाऊक आहे: कोरड्या फडक्यानें पुसली कीं तिच्यांत वीज उत्पन्न होते, लहानपणीं आपण कंगव्यानें कागदाचे कपटे उचलीत होतों तशी. पेस्टलच्या किंवा कोळशाच्या चित्राची भुकटी ती कागदावरून अलगद उचलून स्वतःकडे ओढून घेते. अशा चित्रांस कांचच घालावी.

आणि तैलचित्रास? बहुधा कांहींच नको. त्यावरील रोगण काढून पुन्हां देतां येईल असें असतें, आणि मोकळी हवा त्यास मानवते; फार वर्दळीची जागा असेल तरच कांच घालावी, तीही अंतर ठेवून.

तसबिरीच्या मागच्या बाजूस वरच्या नव्हे, खालच्या दोन कोपऱ्यांवर बुचाचे लहान तुकडे चिकटवावे, म्हणजे भिंत आणि फळी ह्यांमधून हवा खेळते व पावसाळ्याची ओल थेट आंत जात नाहीं. कांच पुसतांना पाणी किंवा औषधी द्रव तिच्यावर उडवूं नये; थेंब खालच्या कडेनें चौकटींत शिरतो आणि माउंट शोषून घेतो. फडकें ओलसर करून त्यानें पुसावें. अमोनियायुक्त द्रव ॲक्रिलिकला आणि लेपाच्या कांचेला लावूं नये. घर बदलतांना साध्या कांचेवर कागदी चिकटपट्टीच्या आडव्या-उभ्या रेघा माराव्या, म्हणजे वाटेंत ती फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहींत. लेपाच्या कांचेवर व ॲक्रिलिकवर मात्र अशी पट्टी लावूं नये. काढतांना लेप निघण्याचें किंवा डाग राहण्याचें भय असतें. त्यांच्यावर पुठ्ठा ठेवून वरून चादर गुंडाळावी, आणि तसबीर आडवी न ठेवतां उभी न्यावी.